जुन्या फुलचित्रांवरचा शेवटचा हात

टिपकागद
मंडळी, नमस्कार. वनस्पतिशास्त्र माझा विषय नाही, चित्रकला तर त्याहून नाही. प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

जुन्या पुस्तकांचा गठ्ठा उपसताना एका जाडजूड शब्दकोशात सुटं चित्र मिळालं. आयरिसचं एकच रोप. एक फूल पूर्ण उमललेलं, एक कळी, तलवारीसारखी तीन पानं, बस्स. मागे ना बाग ना आभाळ, नुसता कोरा कागद. वर कोपऱ्यात एक आकडा आहे. तळाला सुईच्या टोकाने लिहावी तशी ओळ होती, पण कागद नेमका तिथेच कापला गेलाय. अक्षरांच्या फक्त शेंड्या उरल्यात. डोळे ताणताणून 'कर्टिस' एवढं लागतं.

आता मुद्दा. एका पाकळीचा जांभळा रंग रेषेच्या बाहेर गेलाय, जेमतेम तिळाएवढा. त्यावरून घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, छापताना रंग सरकतो तसा सरकलाय, हे कुठल्यातरी जुन्या कॅलेंडरचं पान आहे. मी म्हणतो, हे कुणीतरी हाताने रंगवलंय आणि त्याचा हात हलला. कोण बरोबर? आणि ठरवायचं कसं?

अनवट
फोटो टाका की राव. नुसत्या वर्णनावर पत्रिका कशी मांडायची?

टिपकागद
तीनदा प्रयत्न केला, फोटो चढत नाहीये. तोवर वर्णनावरच भागवा.

भिंगवाली
फोटो नसला तरी चालेल, फोटोत हे नीट कळतही नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळवा, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं. भावाला शेजारी बसवा आणि चित्राकडे फूल म्हणून बघू नका, कागद म्हणून बघा.

जांभळ्या भागात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे एका मापाच्या अंतरावर दिसले, की भाऊ जिंकला. ती फोटोवरून केलेली यांत्रिक छपाई. तिथेच भिंग खाली ठेवा.

ठिपके आहेत पण ओबडधोबड, वाळूसारखे, आणि तीनचार शाया एकमेकींवर चढलेल्या, तर ती रंगीत शिळाछपाई, म्हणजे दगडावरून छापलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा सुळसुळाट झाला. जुनी खरी, पण हाताने रंगवलेली नव्हे.

ठिपके अजिबात नाहीत, बारीक काळी रेघ आहे आणि तिच्यावरून रंग पाण्यासारखा पसरून कागदाच्या तंतूंत शिरलाय, तर तुम्ही जिंकलात. ओला रंग वाळताना कडेला सरकतो, म्हणून डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद होते. छापलेल्या रंगाला सहसा अशी कड येत नाही. मग चित्र डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा आणि दिव्याकडे तोंड करा. पानांच्या गडद भागावर किंचित चकाकी दिसली तर ती गोंदाची. सावली खोल दिसावी म्हणून शेवटी तिथे जलरंगात जास्त गोंद घालून हात फिरवत.

आता एक खबरदारी, कारण नवखे इथेच चांगलं चित्र टाकून देतात. ठिपके दिसले म्हणजे नकली, असं नाही. फुलांचा चित्रकार पिएर-जोसेफ रदूते, त्याची गुलाबांची चित्रं बघा. ती ठिपक्यांचीच आहेत. तांब्याच्या पत्र्यावर रेघांऐवजी हजारो बारीक टिंबं कोरायची, ही ती पद्धत. फरक असा, की ही टिंबं रांगेत उभी नसतात. पाकळी जिकडे वळते तिकडे वळतात, सावलीत दाट होतात, उजेडात विरळ. आणि टिंबाचा स्वतःचाच रंग गुलाबी किंवा हिरवा असतो.

अनवट
थांबा, इथे माझी गाडी अडली. एकच पत्रा आणि त्यात गुलाबीही हिरवाही? म्हणजे रंगागणिक वेगळे पत्रे?

कागदवेडा
नाही, एकच पत्रा. माझा आवडता विषय निघाला, तेव्हा जरा लांबण लागेल.

फ्रेंच लोक त्या पद्धतीला 'आ ला पूपे' म्हणतात. पूपे म्हणजे बाहुली. चिंध्यांची घट्ट बोटभर गुंडाळी करायची, तीच बाहुली. तिने पत्र्यावरच्या पाकळीच्या खोबणीत गुलाबी शाई दाबायची, दुसरीने पानात हिरवी, तिसरीने देठात तपकिरी. दोन रंगांच्या सीमेवर त्या एकमेकींत मिसळू द्यायच्या. मग वरची शाई पुसून, खोबणीतली तेवढी ठेवून, ओलसर कागद घालून दाबयंत्रातून काढायचा. एक प्रत निघाली. दुसरीसाठी पत्रा पुसून परत पहिल्यापासून सगळं! छपाई म्हणतो आपण, पण प्रत्येक प्रतीला पत्रा जणू नव्याने रंगवला जात होता.

आणि तरीही काम संपत नसे. इतक्या जाड बाहुलीने परागकोशाचा पिवळा ठिपका कसा भरणार? काट्याचं लाल टोक, पानाच्या कडेची तांबूस झाक, दवाचा थेंब, हे सगळं छपाईनंतर कुंचल्याने. इंग्रजी जाहिरातीत 'रंगीत छापून हाताने पूर्ण केलेलं' असं जे लिहितात ते हे. तुमच्या चित्राची जात निराळी असावी. तिथे छापलेली असते ती फक्त रेघ, रंग शंभर टक्के हाताचा. दोन्हीला लोक सरसकट 'हँड कलर्ड' म्हणतात आणि मग घोळ होतात.

रदूतेचं लिलीवर्गाचं काम १८०२ ते १८१६, आठ खंड. गुलाब १८१७ ते १८२४, त्यात १६९ गुलाब. नेपोलियनची बायको जोसेफिन सम्राज्ञी त्याची आश्रयदाती, पण गुलाबांचा पहिला भाग निघायच्या आधीच, १८१४ मध्ये, ती गेली होती.

मुळाक्षर
माहितीपूर्ण प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

भिंगवाली
टिपकागद, 'कर्टिस' खरंच वाचलं असेल तर तुमचं नशीब बरं दिसतंय. विल्यम कर्टिसने १७८७ मध्ये 'बोटॅनिकल मॅगझिन' काढलं. बागेतल्या परदेशी झाडांची चित्रं आणि सोबत मजकूर. कापलेली ओळही त्याच्याशी जुळते. ही पानं लहान असायची, खंड बांधताना बाइंडर कडा छाटायचा आणि प्रकाशकाची ओळ अर्धी उडायची. म्हणून छापताना कागदावर उमटते ती पत्र्याची दबलेली कड दिसली नाही तर घाबरू नका, तीही बहुधा कात्रीत गेली.

अवांतर: त्या मासिकाचं पहिलंच चित्र आयरिसचं होतं, पर्शियन आयरिसचं. तुमच्या कोपऱ्यातला आकडा १ तर नाही?

टिपकागद
दोन आकडी आहे हो. एवढं नशीब असतं तर धागा कशाला काढला असता, गुपचूप बसलो असतो.

कागदवेडा
या मासिकाची खरी नवलाई पुढेच आहे. त्यातली चित्रं हाताने रंगवणं १९४८ पर्यंत चालू होतं. विमानं आली, बोलपट आले, दोन महायुद्धं झाली, आणि हे लोक अंक हाती घेऊन एकेक पाकळी रंगवत बसले होते. मध्ये फक्त रेघेचं तंत्र बदललं. आधी तांब्याचा पत्रा, १८४५च्या सुमारापासून शिळाछाप. वॉल्टर हूड फिच नावाचा चित्रकार थेट दगडावर रेखाटायचा. १८३४ ते १८७७ तो या मासिकासाठी राबला, अडीच हजारांवर चित्रं केली, आणि शेवटी मोबदल्यावरून भांडून बाहेर पडला.

पारिजात
फिचचं नाव निदान राहिलं तरी. रंगवणाऱ्यांचं काय?

जुन्या छापचित्राच्या तळाला दोन बारीक शब्द असतात बघा. डावीकडे चित्रकाराच्या नावापुढे 'डेल.' किंवा 'पिंक्स.', म्हणजे याने रेखाटलं किंवा रंगवलं. उजवीकडे कोरणाऱ्याच्या नावापुढे 'स्कल्प.', म्हणजे याने कोरलं. रदूतेच्या गुलाबांखाली तर छापखान्याचंही नाव आहे, रेमों. पण छापून झाल्यावर ज्याने किंवा जिने कुंचला फिरवला, त्या हातासाठी तळाला जागाच नाही. आपण भिंग लावून बघतोय तो रंग नेमका त्या हाताचा.

हे काम बव्हंशी बायका आणि मुलं करत. समोर चित्रकाराने पसंत केलेली नमुन्याची प्रत ठेवायची आणि तीवरून भरत जायचं. अनेक ठिकाणी एकेकाकडे एकच रंग. एकीने सगळ्या प्रतींची पानं हिरवी करायची, पुढचीने फुलं. 'इंग्लिश बॉटनी' नावाची जेम्स सोवर्बीची मालिका १७९० ते १८१४ चालली, ३६ खंड, २५९२ चित्रं. ती झाली फक्त चित्रांची संख्या. तिला प्रतींच्या संख्येने गुणा म्हणजे किती कुंचले झिजले असतील ते कळेल.

अनवट
बाई, हिशोब नका मांडू, बोटं दुखायला लागली.

पारिजात
अपवाद एलिझाबेथ ब्लॅकवेलचा. नवरा कर्जापायी तुरुंगात. बाईने औषधी बागेशेजारी बिऱ्हाड केलं, झाडं समोर ठेवून ५०० चित्रं काढली, तांब्यावर स्वतः कोरली आणि रंगवलीही स्वतःच. १७३७ ते १७३९. त्या पैशातून नवऱ्याला सोडवलं. आणि हे महाशय पुढे स्वीडनला जाऊन राजकीय कटाच्या आरोपात अडकले, १७४७ मध्ये तिथे त्यांचं डोकं उडवलं.

तिची रेघ फार नाजूक नाही, मान्य. पण रेखाटणारी, कोरणारी आणि रंगवणारी एकच असलेली चित्रं विरळा.

मुळाक्षर
आता जरा वाकडा प्रश्न. खरी जुनी छपाई, १७व्या-१८व्या शतकातली, पण रंग कुणीतरी शंभर वर्षांनी भरला असेल तर? माझ्या मते ती सरळ फसवणूक आहे. असं चित्र आणि कॅलेंडर, फरक काय?

कागदवेडा
इतकं काळंपांढरं नाहीये ते. बेसलरचा जर्मनीतल्या आयश्टेटच्या बागेवरचा प्रचंड ग्रंथ, १६१३चा. साधा आणि रंगवलेला, अशा दोन्ही प्रकारांत तो विकला गेला. साधी प्रत घेऊन मालकाने पुढे स्वखुशीने रंगवून घेतली तर फसवलं कुणाला? चित्रकार मारिया सिबिला मेरियनच्या १७०५च्या, सुरिनामच्या किड्यांवरच्या ग्रंथाच्याही साध्या आणि रंगीत दोन्ही प्रती आहेत. तिने तर आणखी एक युक्ती केली होती. ताजी ओली छापील प्रत दुसऱ्या कागदावर दाबून तिचा उलटा ठसा घ्यायचा. त्यात रेघ इतकी फिकट येते की वरून रंगवल्यावर मूळ चित्रच वाटावं. त्याला पत्र्याची कड नसते. तुमच्या न्यायाने तीही नकली ठरायची.

मुळाक्षर
मेरियनने स्वतःच्या देखरेखीखाली केलेलं वेगळं. मी बोलतोय ते विकण्यासाठी म्हणून मागाहून रंग फासण्याबद्दल. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' घ्या. १६७८ ते १६९३, ॲम्स्टरडॅम, बारा खंड. त्यातल्या वैद्यांपैकी रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट यांची नागरी लिपीतली साक्षही छापलेली आहे, म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप. तो ग्रंथ छापला गेला तो काळ्या शाईत. आता त्यातलं सुटं पान हिरवंगार रंगवून चौकटीत दिसलं तर मी काय समजायचं? की सतराव्या शतकातला रंग बघतोय?

भिंगवाली
मुळाक्षर, तुमचा राग बरोबर जागी आहे, फक्त शब्द जरा तिखट आहे. 'जुना ठसा, नंतरचा रंग' एवढं स्पष्ट सांगितलं तर कुणाची हरकत नाही. लपवलं तर फसवणूक.

ते ओळखायच्या खुणा असतात. कागदावर वयाने तपकिरी ठिपके पडतात. रंग त्या ठिपक्याच्या वरून गेलाय की ठिपका रंगातून वर आलाय, ते भिंगाखाली बघायचं. घडीच्या तडकलेल्या रेघेत रंग ओघळून आत बसला असेल, तर घडी आधीची आणि रंग नंतरचा. जुन्या कागदाची खळ कमी झालेली असते, त्यावर ताजा जलरंग टिपकागदासारखा फुटतो (धागाकर्त्यांनी मनाला लावून घेऊ नये) आणि मागच्या बाजूलाही उमटतो.

आणि रंग स्वतः बोलतात. पूर्वी पानांचा हिरवा पुष्कळदा गॅम्बोजचा पिवळा आणि प्रशियन निळा मिसळून करत. हा पिवळा उन्हाला भित्रा. तो उडाला की निळा उरतो, म्हणून भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या चित्रांतली पानं निळसर दिसतात. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा, तो हवेतल्या गंधकाने काळवंडतो. पांढऱ्या फुलाच्या कडा राखाडी झाल्या असतील तर तो बहुधा हा. आणि जंगाल! तांब्याचा हिरवा. तो कागदच खातो. चित्र उलटं केलं की मागे पानांच्या आकाराचे तपकिरी डाग उठलेले असतात.

मुळाक्षर
मान्य. 'फासणे' हा शब्द मागे घेतो, बाकी मत कायम.

अनवट
मग उलट प्रश्न. पत्रा जुना, छपाई नवी, असं असतं का?

कागदवेडा
असतं की! कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीवर जोसेफ बँक्स हा वनस्पतिशास्त्रज्ञ गेला होता. परत आल्यावर त्याने तिथल्या वनस्पतींचे सातशेवर पत्रे कोरून घेतले, आणि ग्रंथ काही काढला नाही. पत्रे पडून राहिले. रंगीत छपाई झाली ती १९८०च्या दशकात. पुन्हा त्याच चिंध्यांच्या बाहुल्यांनी, वर कुंचल्याचा शेवटचा हात देऊन. अठराव्या शतकातला कोरीव हात, विसाव्या शतकातला रंगाचा हात. मुळाक्षर, याला काय म्हणणार?

मुळाक्षर
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

पारिजात
:) 

टिपकागद, तपासण्याच्या भरात मी केलेला मूर्खपणा करू नका, म्हणून सांगते. माझ्याकडे एक तांबडं कण्हेरीचं चित्र होतं, इंग्लिश, हाताने रंगवलेलं. कडेला धुळीचा पट्टा होता. म्हटलं, किंचित ओल्या कापसाने टिपू. पहिल्या फेरीत कापूस मळका झाला, मी खूश. दुसऱ्या फेरीत कापूस गुलाबी झाला. हात थांबवेपर्यंत पाकळीचं टोक गेलं होतं. कोचिनील किड्यांपासून केलेला तांबडा आणि गोंद, दोन्ही पाण्यात विरघळणारे. दीडदोनशे वर्षं टिकलेला रंग अर्ध्या मिनिटात माझ्या कापसावर.

मग शहाणपणा सुचला म्हणून चौकटवाल्याकडे दिलं, तर त्याने ते पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलं. 'सुरकुत्या पडू नयेत म्हणून.' वर समास चौकटीत बसत नव्हता तोही कापला. तेव्हा सांगून ठेवते: पाणी नाही, खोडरबर नाही, चिकटपट्टी तर नाहीच. आम्लरहित पुठ्ठ्यावर, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, बाकी चित्र मोकळं. काच चित्राला टेकता कामा नये.

अनवट
आणि टांगायचं कुठे?

पारिजात
जिथे बसून पुस्तक वाचता येणार नाही अशा अंधुक भिंतीवर. संग्रहालयं कागदावरच्या रंगांना साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड देतात. त्यातही काही महिने टांगून काढून ठेवतात.

टिपकागद
आलो. भिंग मिळालं. भाऊ शेजारी बसवला. आता जसं दिसलं तसं सांगतो.

जांभळ्यात ठिपके नाहीत. एकही नाही. काळी रेघ आहे, केसासारखी, आणि तिच्यावरून जांभळा गेलाय. जिथे तो रेषेबाहेर गेलाय तिथे कड गडद आहे. मुख्य म्हणजे तो चुकून पडलेला थेंब नाही. कुंचला पाकळीच्या बुंध्यापासून वर आलाय, वळणावर वळायला उशीर झाला, बाहेर गेला आणि तिथूनच परत आत वळलाय. एकाच फटक्यात. भिंगातून तो वळसा दिसतो. भाऊ दोन मिनिटं बघत बसला, मग म्हणाला, "घाई होती हिला."

आडवं धरल्यावर पानांच्या एका बाजूला चकाकी आहे, फुलावर नाही. उजेडासमोर धरलं तर कागदात बारीक आडव्या रेघांची जाळी आणि बोट-दीड बोटाच्या अंतरावर उभ्या रेघा. तपकिरी ठिपके दोनच, दोन्ही कोऱ्या जागेत, त्यामुळे आधी-नंतरचा निकाल त्यांच्यावरून लागत नाही. पानं अजिबात निळसर नाहीत, चांगली हिरवी आहेत.

आणि आता खरी गंमत. भिंगवालींनी मागची बाजू बघायला सांगितली म्हणून उलटवलं. मागे पानांच्या जागी फिकट तपकिरी छटा. मग सहज शब्दकोशाचं ते पान उघडलं, ज्यात हे इतकी वर्षं दाबलेलं होतं. त्या छापील मजकुरावर तीन पानांची तपकिरी सावली उमटलीय. फक्त तीन पानं. फूल नाही, कळी नाही.

भिंगवाली
अंगावर काटा आला वाचून. हिरव्यात तांबं असावं, म्हणून पानांची सावली पडली. जांभळ्यात नसणार, म्हणून फुलाची नाही. कागदातल्या त्या रेघा जाळीच्या साच्यात हाताने काढलेल्या जुन्या कागदाच्या. अशा रेघा नसलेला गुळगुळीत कागद इंग्लंडमध्ये १७५७ नंतर आला, पण हा जुना प्रकारही पुढे बराच काळ चालू होता, तेव्हा एवढ्यावरून साल सांगणार नाही. रंग छपाईच्या वेळचाच, असं म्हणायला मात्र मला आता जागा दिसते. रंगीत चित्र म्हणूनच ते मासिक विकलं जायचं. आणि पानं हिरवी राहिली ती शब्दकोशातल्या अंधाराने.

फक्त आता तिथे परत ठेवू नका. शब्दकोशाचा कागद आम्लाचा असेल तर तोही याला डाग देईल. मधे आम्लरहित कागद घालून सपाट ठेवा, उभं नको.

कागदवेडा
आणि शब्दकोश टाकू नका. ते पान चित्राचाच भाग झालंय.

मुळाक्षर
हे चित्र खरं. माझी हरकत नाही.

टिपकागद
मुळाक्षरांची मोहोर लागली, भरून पावलो. शब्दकोश ठेवतोय, चित्र वेगळ्या पाकिटात. भाऊ आता भिंग परत द्यायला तयार नाही, घरातली सगळी कॅलेंडरं तपासतोय.